पास झालेलं पाणी

कॅनमधलं पाणी बाटलीत ओतताना प्रेमराज आबांचा हात जरासुद्धा हलला नाही. हलण्यासारखं त्यात काही नव्हतंच. एका पारड्यात बाटलीभर पाणी आणि दुसऱ्यात त्यातून मिळणारी मिळकत, असा तो साधा सौदा होता. गावाच्या नव्या टाकीला आबांच्या विहिरीचं पाणी लागणार. टाकीवर त्यांच्या वडिलांचं, हिरामण पाटलांचं नाव निळ्या रंगात चढणार. ग्रामसभेतल्या पहिल्या खुर्चीवरून पंडित नाना उठणार आणि तिथे आबा बसणार. आणि सगळ्यांत गोड भाग असा, की पंडित नानांनी नदीकाठी खोदलेल्या बोअरचं खारं पाणी एकट्या पंडित नानांनाच प्यावं लागणार. एवढी आवक समोर दिसत असताना बाटलीतलं पाणी कुठलं, हा सवाल आबांना अगदीच किरकोळ वाटला.

पाणी अमळनेरचं होतं; बहिणीच्या घरच्या नळाचं. आदल्या दिवशी एसटीत कॅन मांडीवर घेऊन आबा आपल्या गावी, धामणखेड्याला, आले होते. कंडक्टरने तेल का म्हणून विचारलं, तेव्हा "औषध शे" म्हणून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं होतं.

"आबा, येऊ का आत? दोर धरतो," कुंपणाबाहेरून धनसिंगने हाक दिली. धनसिंग ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. तालुक्याच्या प्रयोगशाळेची बाटली त्यानेच आणून आबांच्या हातात दिली होती.

"तू नको येऊ. आमनी विहीरमा बाहेरना दोर पडत नही, तुले ठाऊक शे ना?"

धनसिंगला ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. विहीर खोदली तेव्हापासून त्या घराचा नेम होता : पाणी सगळ्यांना, पण शेंदणारा हात घरचाच. नेम मुळात कुणाला लांब ठेवायला निघाला होता, ते म्हाताऱ्या माणसांना आठवत होतं. पण अलीकडे त्याला स्वच्छता म्हणायची रीत पडली होती. पुढे मोटर बसली, नळ कुंपणाबाहेर निघाला, तरी बटण दाबायला घरचंच माणूस लागायचं. आज लाइट नव्हती, म्हणून पोहरा बाहेर निघाला. धनसिंगला कप्पीची करकर ऐकू जावी एवढ्यापुरता आबांनी एक पोहरा शेंदला होता आणि तो केळीच्या आळ्यात ओतून दिला होता.

भरलेली बाटली कुंपणावरून देताना ते म्हणाले, "जपीसन ने. गंगाजल शे."

धनसिंग हसला, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि मोटरसायकलला किक मारून गेला.

आबा घरात परतले, तेव्हा सून दिपमाला रिकामं कॅन धूत होती. धुतलं, झटकलं, ओट्यावर उपडं घातलं. विचारलं काही नाही. तिने विचारलं असतं तर आबांकडे तीन-चार उत्तरं तयार होती. तिने विचारलं नाही, हेच त्यांना खटकलं.

कारण तिला माहीत होतं. दिवाळीनंतर ग्रामपंचायतीने गावातल्या पाच बायका निवडून त्यांना पाणी तपासायची एकेक पेटी दिली होती, त्यांत दिपमाला होती. चाळीसगावची पोरगी, बारावी झालेली. तिने पहिली तपासणी आपल्याच विहिरीची केली. काचेच्या नळीत पाणी घेतलं, पुडी टाकली, नळी हलवली आणि पाणी बघता बघता गुलाबी झालं. नवरीच्या पातळासारखं गडद.

"आबा, हा रंग गोठ्याच्या खड्ड्याचा आणि केळीच्या युरियाचा आहे. झिरपतो तो," ती म्हणाली होती. "मोठ्यांना लगेच कळत नाही. पण दुधाच्या भुकटीत हे पाणी गेलं, तर तान्ह्या लेकरांना बाधतं. रक्त निळं पडतं त्यांचं."

"ज्या पाणीमा डाळ शिजस, ते पाणी वाईट कसं?" आबांनी विचारलं होतं.

या प्रश्नाला त्या भागात उत्तर नाही. पाणी पारखायचं ते तूरडाळीनं. दोन शिट्ट्यांत वरण एकजीव झालं तर पाणी गोड, आणि पाच शिट्ट्या होऊनही दाणा दाताखाली आला तर खारं. पंडित नानांच्या बोअरवर पोसलेल्या घरांत जावई जेवायला बसला की यजमानीण घाबरायची. आबांच्या पाण्यावरची डाळ मात्र तोंडात विरघळायची. आता अशा पाण्याला कुणी पुडी टाकून नाव ठेवायचं म्हणजे काय?

"पेटी माळ्यावर ठेव," आबा म्हणाले होते. तिने ठेवली. घर तिचंही होतं. नवरा नवल सुरतेला कापडाच्या कारखान्यात, घराचं नाव गेलं तर पहिली बोटं कुणाकडे वळतील, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

अहवाल आला. ग्रामसभेत धनसिंगने तो मोठ्याने वाचला : पिण्यास योग्य. टाळ्या पडल्या. पंडित नानांनीही वाजवल्या, फक्त तळवे एकमेकांना लागू न देता.

"पास व्हयनं ना," ते म्हणाले. "आते प्यायले हरकत नही. तरी म्हणतो, आबा, तुमना गोठा विहिरीले जरा जास्तच जोडे शे."

"गोठा जोडे शे म्हणून गोड शे," आबांनी टोला दिला, आणि सगळा गाव त्यांच्या बाजूने हसला. टाकीची पाइपलाइन आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, जोडायची ठरली. तोवर आबांच्या कुंपणाबाहेरच्या नळावर हंड्यांची रांग दुप्पट झाली. आबा बटणाशी खुर्ची टाकून बसू लागले.

आखाजीच्या आदल्या दिवशी भाविका आली. जळगावजवळ नशिराबादेत दिलेली एकुलती एक लेक. आई, सुंदरबाई, वारलेली. म्हणून तिचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं होतं, आणि तीन महिन्यांची नात पहिल्यांदाच आजोळी येत होती. आबांनी वेशीपर्यंत जाऊन पोर हातात घेतली. वजन जाणवलंच नाही, एखादी धुतलेली ओढणी घडी करून दिल्यासारखं. घरात आल्यावर भाविकाने पिशव्या उघडल्या : लंगोट, झबली, दुधाच्या भुकटीचा डबा, बाटल्या. अंगावरचं दूध पुरत नव्हतं, हे तिने फोनवर सांगितलं होतं.

आबा पिशव्यांत डोकावले.

"जार कोठे शे?"

"कसला जार?"

"पोरना दूधले जारचं पाणी लागस म्हणत होती ना तू?"

"आता कशाला, आबा?" भाविका हसली. "सासूबाईंना मी रिपोर्टचा फोटोच दाखवला. म्हटलं, माझ्या माहेरी जार लागत नाही. एवढ्याशा होऊन बसल्या!"

आबाही हसले. हसू तोंडाच्या एकाच बाजूला आलं.

दिपमाला सांजोऱ्या लाटत होती. तिचं लाटणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा फिरू लागलं.

दुपारी भाविकाने पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, आणि ते पाहून आबांचा जीव भांड्यात पडला. उकळलं म्हणजे सगळं मरतं, हे शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं. ते निवांत ओसरीवर आडवे झाले, डोळा लागेना म्हणून उठले, गोठ्यात गेले, तिथून परत आले आणि भाविका नाही असं बघून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"उकाळं म्हणजे जास ना ते?"

"काय?" दिपमाला म्हणाली.

"तेच. गुलाबी."

"नाही जात. वाफ पाण्याची होते, ते खालीच राहतं. उलट घट्ट होतं."

"मग सांग ना तिले."

दिपमालाने सांजोरीची कड मुडपली. "मी काय सांगू, आबा? पाणी पास झालंय."

आबा पाय आपटत बाहेर पडले. अमळनेरच्या जारवाल्याला त्यांनी फोन केला. तासाभरात तीनचाकी टेम्पो गल्लीत शिरला. पण आखाजी म्हणजे खानदेशात पत्त्यांचा सण. समोरच्या निंबाखाली चटई टाकून अर्धा गाव पिसत-वाटत बसला होता, आणि पंडित नाना नेमके आबांच्या दाराकडे तोंड करून. निळा जार टेम्पोतून खाली उतरला, तसे त्यांच्या हातातले पत्ते छातीशी गेले.

"काय वो आबा? बठ्ठा गावले तुमनं पाणी, आन तुमना घरमा जार?"

पिसणारा थांबला. चटईवरच्या सगळ्या माना वळल्या.

"मना घरमा कशाले?" आबा जारवाल्यावर ओरडले. "तिकडे पुढे लग्ननं घर शे, तठे ने. देखीसन येत जा रे!"

"आबा, तुमीच तर फोन..."

"ने म्हणं ना!"

जार परत चढला. टेम्पो वळायला गल्ली अरुंद होती, त्यामुळे तो मागे-पुढे करत बराच वेळ आबांच्या दारातच घुटमळला. पंडित नाना सगळं शांतपणे पाहत होते. टेम्पो गेल्यावर म्हणाले, "वाट रे पत्ता," आणि त्यांना त्या डावात चांगलं पान लागलं असावं, असा त्यांचा चेहरा झाला.

संध्याकाळी आबांनी म्हशीच्या दुधाचा तांब्या भाविकापुढे धरला. "भुकटी कशाले? घरनं शे, ताजं."

"डॉक्टर नाही म्हणालेत. वर्षाच्या आत नाही," भाविका म्हणाली. "तुम्हांला झालंय तरी काय? सकाळपासून पोरीच्या दुधामागे लागलात."

आखाजी उजाडली. आबांनी वडिलांसाठी आणि सुंदरबाईसाठी घागरी भरल्या, वर डांगर म्हणजे खरबूज आणि आंबे ठेवले, चुलीत पितरांच्या घासाची आगारी टाकली. निंबाला झोके बांधले होते. माहेरी आलेल्या पोरी उंच जात होत्या आणि खाली उतरताना ओरडत होत्या. भाविकाही जाऊन दोन झोके घेऊन आली. तिचे गाल लाल झाले होते. लग्नाआधीची भाविका दिसत होती ती, तीन वर्षांनंतर.

ती झोक्यावर होती, तेव्हा पोर आबांच्या मांडीवर होती. दूध पिऊन झोपलेली. आबा तिच्याकडे टक लावून बसले होते. ओठ त्यांना काळसर वाटले, जांभूळ खाल्ल्यासारखे. त्यांनी खिडकीचा पडदा सारला, उजेड पोरीच्या तोंडावर घेतला. तरी काळसरच. मग वाटलं, कुठे, चांगले तर आहेत. पुन्हा पाहिलं. आता ते खरंच ठरवू शकत नव्हते. आणि आयुष्यभर बाजारात केळीच्या घडाकडे लांबून पाहून भाव सांगणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीच्या पोरीचे ओठ कुठल्या रंगाचे, हे सांगता येत नव्हतं.

भाविकाला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य भाविकापाशी थांबलं नसतं. सासूला दाखवलेला फोटो होता, सासूची बहीण धामणखेड्यात दिलेली होती. आबांनी त्या वाक्याची किंमत केली आणि ते माघारी ठेवलं. मग दुसरा रस्ता शोधला. जरा स्वस्तातला.

जेवायची पानं मांडली होती. पुरणपोळी, आमरस, कुरडया. भाविकाने पहिला घास घेतला होता.

"तुना नवरा का बरं नही उना?" आबांनी विचारलं.

"सुट्टी नाही मिळाली."

"सुट्टी नही मिळनी, का मन नही व्हयनं? पोर व्हयनी म्हणून तोंड फिरवं का त्यानी?"

भाविकाचा हात ताटावर राहिला. "आबा?"

"खोटं बोलतो का मी? सणना दिवस, आन घरमा हाई रडं. आखी रात डोळा नही मना. आते घर दिपमालानं शे, कोणी उठलं का चाललं माहेरी, हाई काय धर्मशाळा शे का?"

पोर रात्रभर रडलीच नव्हती. तिघांनाही ते माहीत होतं. दिपमाला पोळी हातात घेऊन तव्यापाशी तशीच उभी होती, आणि तव्यावरची करपायला लागली होती.

भाविका आबांकडे पाहत राहिली. कुठेतरी चेष्टा असेल, ती आता निघेल, अशा आशेने. ती निघाली नाही. मग तिने ताटात हात धुतला आणि वळून विचारलं,

"वहिनी, जळगावची गाडी किती वाजता आहे?"

"थांब गं, जेवण तरी..."

"किती वाजता आहे?"

आबा ओसरीवर खांबाला धरून उभे होते. तिथून फाटा दिसायचा. दिपमालाने पिशव्या घेतल्या होत्या, भाविकाने पोर. थांब्याशी टपरीवरून दिपमालाने बंद बाटली विकत घेतली, भाविकाच्या पिशवीतला थर्मास काढला, उकळलेलं पाणी रस्त्याच्या कडेला रिकामं केलं आणि बाटलीतलं त्यात भरलं. ती काही बोलत असावी. भाविका पदराने डोळे पुसत होती, तिचं लक्ष नव्हतं. गाडी आली, धुळीत थांबली, गेली.

आबांनी श्वास सोडला. येऊन पुन्हा पानावर बसले, थंड झालेली पोळी जेवले. नात सुटली, नाव राहिलं. लेक रुसली, लेकी रुसतात आणि दिवाळीला येतात. हिशोब जमल्यासारखा वाटत होता.

दिपमाला अजून परतली नव्हती, तोच कुंपणाशी हाक आली.

"आबा, बटन दाबा ना."

रूपा होती. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या पुनाची लेक, सणाला माहेरी आलेली. खांद्यावर कपड्यात गुंडाळलेलं पोरगं, हातात दुधाची रिकामी बाटली आणि एक तांब्या.

"हाऊ तांब्यापुरतं. पोऱ्यानं दूध करनं शे."

"तुना बापना घरमा पाणी नही का?"

"बोअरनं शे ना, खारं. जार आणत होतू, माय बोलनी कशाले आते? आबानं पाणी पास व्हयनं. तठेच जा."

तिच्याशी काय भांडण काढावं, हे आबांना सुचेना. तिच्या नवऱ्याचं नावही त्यांना माहीत नव्हतं. निंबाखाली डाव चालू होता. पंडित नानांनी मान वर केली. रूपा वाट पाहत होती. पोरगं जागं होतं आणि आबांकडे, किंवा त्यांच्या मागच्या भिंतीकडे, एकटक बघत होतं.

आबांनी बटण दाबलं.

मोटर घरघरली. पाणी आलं, स्वच्छ, नितळ, गार. रूपाचा तांब्या भरत आला, तेव्हा दिपमाला गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. तिने नळ पाहिला, रूपाला पाहिलं, बटणावरचा हात पाहिला. ती धावली नाही. नेहमीच्या चालीने आली, रूपाच्या हातातून तांब्या घेतला आणि रस्त्यावर पालथा केला.

"लेकराला हे देऊ नको."

"काय व्हयनं, वहिनी?"

"हे पाणी तपासलेलंच नाही." ती निंबाकडे वळली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा आवाज काढला. "चूक माझी आहे. त्या दिवशी आबांनी बाटली मला भरायला दिली होती. ऊन होतं, विहिरीवर जायचा कंटाळा केला मी. घरात अमळनेरचं पाणी होतं कॅनमध्ये, ते भरून दिलं. पास झालं ते अमळनेरचं."

पत्ते थांबले. चटईवरच बसलेल्या धनसिंगने आबांकडे पाहिलं. बाटली त्याने आबांच्या हातात दिली होती आणि आबांच्याच हातून घेतली होती. मधे आत काय झालं, ते त्याला दिसलं नव्हतं.

"खरं शे का, आबा?" पंडित नानांनी विचारलं.

आबांनी दिपमालाकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. रिकामा तांब्या तिने रूपाला परत दिला, आणि रूपा तो पदराने पुसत होती. दिपमालाच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना विनवणी. आबांना मधे बोलायला जेवढी जागा लागेल, तेवढी तिने मोकळी सोडली होती.

आबांनी मोटर बंद केली.

"लेकरबुद्धी शे तिनी," ते म्हणाले.

सुनेची चूक गावाला पटायला वेळ लागत नाही. आठवड्याच्या आत पाणी नव्याने गेलं आणि नापास होऊन आलं. टाकीला पंडित नानांचं बोअर लागलं, वर त्यांच्या वडिलांचं नाव. त्यांनी त्यासाठी पत्ते पिसण्यापलीकडे काही केलं नव्हतं. रूपाचं पोरगं ठणठणीत आहे. भाविकाची पोर रांगायला लागली, असं जळगावहून येणाऱ्या एकाने सांगितलं. दिवाळीला ती आली नाही, फोन उचलते तो दिपमालाचा. दिपमालाची पेटी दुसऱ्या बाईकडे गेली. गल्लीतल्या बायका तिला मागून बाटलीवाली म्हणतात, कधी पुढूनही. नवल सुरतेहून आला, गावात मान खाली घालायला लावली म्हणून तिच्यावर ओरडला आणि चार दिवस न बोलता परत गेला. तिने त्यालाही काही सांगितलं नाही. आबांना मात्र लोक जपतात. देवासारखा माणूस, सून तशी निघाली, असं म्हणून बसायला पहिली खुर्ची सरकवतात.

जेवताना हल्ली आबा तिच्याकडे पाणी मागत नाहीत. तहान लागली की पानावरून स्वतःच उठतात, भिंतीला धरत माठापर्यंत जातात, पेला भरून परत येतात. उठता-बसताना गुडघ्यात कळ येते. या सगळ्यात आबांच्या वाट्याला आली ती एवढीच.